सुभेदाराच्या पोटातला गोळा

पेण,
गुढीपाडव्यानंतरचा मंगळवार

ती. सौ. हौसाताईस,

धाकट्या दत्तूचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि तुमच्या अष्टमी गावच्या नळाचं पाणी या तिघांची चौकशी एकदमच करतो, कारण मागच्या फोनमध्ये तिघंही बिघडलेले होते. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. (सगळे म्हणजे दोन पायांचे. चार पायांच्याचं पुढे सविस्तर येईल, त्याच्यासाठीच हा कागद घेतला आहे.) तू म्हणशील, फोन असताना हा पत्र कसलं लिहितोय, पोस्टात नोकरीला लागला की काय? तर ताई, तुला फोन केला की तू तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस आणि भाजी चिरत बसतेस. मग दाजी ऐकतात, शेजारची बायजा ऐकते, मध्येच कुकर बोलतो. माझी दाढ दुखते हे मी तुला सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पेणच्या बाजारात तीन जणांनी मला लवंग सुचवली. काही गोष्टी एकाच माणसाने, चष्मा लावून, बसून वाचायच्या असतात. तेव्हा हे पत्र आधी तू एकटीने वाच.

मुख्य बातमी अशी की सुभेदाराच्या पोटाच्या ऑपरेशनला परवा वर्ष पूर्ण झालं. शनिवारी रामवाडीच्या डॉक्टरीणबाई प्रतिक्षा येऊन त्याला सगळीकडून दाबून, ठोकून, ऐकून गेल्या आणि म्हणाल्या, आता घरी न्यायला हरकत नाही. दाजींना कळवताच त्यांनी येत्या रविवारचा टेम्पो ठरवूनही टाकला. इथवर आनंदच. पण काल तुझ्या पिंकीचा फोन आला की आई म्हणते, घोडा या दाराने आत आला तर मी त्याच दाराने बाहेर पडेन आणि पेणला दत्तूकडे जाऊन राहीन. का, तर "माझा हात वाईट हाय, मी त्याला शिवायची नाय." हे ऐकल्यापासून माझ्या हातून एका गणपतीचा डोळा नीट आखला गेलेला नाही. काल एकाची नजर अशी लागली की देव स्वतःच्या उंदराकडे संशयाने बघतोय असं वाटावं. तो पुसला आणि लिहायला बसलो.

हे पत्र वाटेत कुणी चुकून फोडलं असेल (आमचा पोस्टमन नितेश चौकस माणूस आहे) तर त्याच्या माहितीसाठी दोन ओळी. सुभेदार हा घोडा आहे. शिंगरू नव्हे, नऊ वर्षांचा पुरता घोडा, उंची माझ्या कमरेएवढी. आमचे दाजी हैबतराव ज्या रिसॉर्टची बाग सांभाळत ते बंद पडलं, तेव्हा मालकाने जाता जाता त्यांना तो देऊन टाकला. पेणला तो आला त्या दिवशी तीन जणांनी त्याला गाढव म्हटलं, दोघांनी शिंगरू आणि एका आजोबांनी मोठं कुत्रं. निसर्गाने एवढा लहान घोडा का केला, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, निसर्गाने नाही काका, माणसांनी केला, लहान लहान निवडत. मग दुखणी का नाही लहान केली, असं मला विचारायचं होतं, पण त्यांच्या हातात सुई होती.

गेल्या चैत्रात तुम्हाला घोड्यासकट पेणला बोलावलं ते मीच, हे तुला आठवत असेल. (नसेल तर आठव, पुढे लागणार आहे.) ठाण्याकडच्या एका मंडळाने घोड्यावर बसलेला गणपती सांगितला होता, आणि माझ्या घोड्यांची ख्याती तुला ठाऊक आहे. पंचवीस वर्षं मूर्ती करतोय. सोंड, बोटं, आखणी यात कुणी नाव ठेवणार नाही, पण घोडा करायला घेतला की त्याचा बैल होतो. एकदा तर तूच मंडपात सगळ्यांसमोर म्हणालीस, "दत्तू, देवाला म्हशीवर कशाला रं बसवलास?" ते माझ्या मनात राहिलंच होतं. घरात जिवंत घोडा असताना फोटोवरून कशाला करायचा, म्हणून त्याला चार दिवस कारखान्यात उभा केला. तू आणि तुझी भावजय अनिता मागच्या अंगणात पोह्यांचे पापड लाटत होतात, दाजींचे धरमतरला मासळीचे फेरे चालले होते, माझा माती मळणारा गुणाजी गावच्या जत्रेला गेला होता. आत मी आणि घोडा. आणि काय उभा राहिला म्हणून सांगू! एरवी त्याचे कान, शेपूट, खूर यांतलं एक काहीतरी सारखं हलत असतं, पण तिथे तासन् तास जागचा सरकला नाही. नाकपुडीची कड, पापणीखालची घडी, गुडघ्यावरची ती छोटी वाटी, सगळं मी निवांत बघून उतरवलं. मूर्ती न्यायला आलेले लोक म्हणाले, हा आता खिंकाळेल. माझ्या हातून झालेला हा पहिला घोडा, जो घोड्यासारखा दिसला.

त्यापुढचं तुला सांगायला नको, पण नितेशसाठी लिहितो. अष्टमीला परतल्यावर तिसऱ्या दिवशी सुभेदाराने चारा सोडला, वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघू लागला, पाय आपटू लागला आणि भर दुपारी अंगणात लोळण घेतली. घोड्याचं पोट दुखणं आपल्यासारखं ओव्याने जात नाही. टेम्पोत घालून मुंबईला जनावरांच्या इस्पितळात न्यावं लागलं, वाटेत पेणला मीही चढलो. तिथे तीन तास पोट उघडून त्यांनी आतड्यातून एक गोळा काढला, मोसंबीएवढा, तपकिरी, धाग्याधाग्यांचा. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, नारळाचे तंतू दिसतात, याला नारळ कोण घालतं? आणि व्हरांड्यातल्या सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. रोज सकाळी पूजा झाली की देवापुढच्या खोबऱ्याचा तुकडा तू त्याला तळहातावर देतेस, हे अख्ख्या आळीला माहीत होतं. दाजी तापट आहेत, वाईट नाहीत, पण त्या वेळी बोलले ते बोललेच. "हौसे, लाडानं मारलास गो घोडा." त्यानंतर खोबरं राहू दे, तू त्याला पाण्याची बादलीही दाखवली नाहीस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पेणला आलीस ती पुढच्या खोलीतच बसलीस. मागून तो खिंकाळला तसा चहा अर्धा टाकून मिळेल त्या एसटीने तू निघून गेलीस. अनिताने तुझ्यासाठी बांधलेले पापड तसेच राहिले.

घोडा बरा होईपर्यंत मी ठेवून घेतला, यावर नात्यात माझं फार कौतुक झालं. (दत्तूचं मन मोठं, असं दाजी चार ठिकाणी बोलले म्हणे. कानावर आलं की मी विषय बदलायचो.) कारण मी असं सांगितलं की डॉक्टरीणबाई हाकेच्या अंतरावर, आणि मूर्ती वाळवायची माझी शेड रिकामी. पहिले दोन महिने त्याला त्या शेडमधून बाहेर पडायचं नव्हतं. पोटावर दीड वीत टाके, ते ताणू नयेत म्हणून वरून पट्टा. बाजारात मोठ्या घोड्याचा पट्टा मिळतो, त्यात हा पुरता गुंडाळला गेला असता. शेवटी अनिताने तुझ्यामाझ्या आईचं ते जांभळं नऊवारी काढलं आणि त्याचे सहा पट्टे शिवले, तीन अंगावर आणि तीन दोरीवर. दोन महिने सुभेदार पोटावर आईचा काठ मिरवत उभा होता, आणि मला उगीचच त्याच्यासमोर विडी ओढायला संकोच वाटायचा.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, काका, लीद किती वेळा झाली आणि कशी झाली हे रोज वहीत लिहा. आता 'कशी' म्हणजे काय लिहायचं? मी रंगातला माणूस. 'हिरवी' लिहून माझं समाधान होईना, कारण मला हिरव्यात सतरा हिरवे दिसतात. म्हणून मी रोज लीद बघून तोच रंग कालवू लागलो आणि वहीत ब्रशने एक पट्टी ओढून खाली वेळ टाकू लागलो. वर्षाच्या साडेतीनशे पट्ट्या झाल्या. पावसाळ्यातलं ओलं गवत, दिवाळीतलं सुकं, मध्ये एकदा केळीचं पान चोरून खाल्लं तो दिवस, सगळं वहीत दिसतं. डॉक्टरीणबाई वहीचं पान न् पान उलटून म्हणाल्या, ही मला द्याल? मी म्हटलं झेरॉक्स घ्या. (झेरॉक्स काळीपांढरी निघाली, त्यामुळे त्यात वर्षभर घोड्याला काहीच झालेलं नाही.) समोरच्या गृहस्थांना मात्र ती वही रंगाच्या दुकानाची वाटली. त्यांनी तीत बोट ठेवून घराच्या भिंतींसाठी रंग पसंत केला, मीही तो कालवून दिला. त्यांचं घर आता जुलैतल्या एका बऱ्या दिवसाच्या रंगाचं आहे.

पोटाचा आवाजही ऐकायचा असतो. बोलतं पोट चांगलं, गप्प पोट वाईट. नळी नसली तर कान लावा म्हणाल्या. मी लावला, आणि ताई, आत केवढं काय काय चालू असतं! आधी हंड्यात पाणी ओतल्यासारखं, मग लांबच्या पुलावरून गाडी गेल्यासारखं, मग थोडं सामसूम, मग पुन्हा हंडा. मला नादच लागला. अनिता जेवून आडवी झाली की तिच्याही पोटाला कान लावून बघायचो, कुणाचं जास्त बोलतं ते. (तिचं.) गुणाजीने मात्र "शेट, मी काय घोडा हाय?" म्हणून साफ नकार दिला. आणि याच काळात मला एक नवीन गोष्ट कळली. घोड्याला ओकता येत नाही. गळ्याशी त्याची अशी काही रचना आहे की एकदा आत गेलेलं मागे फिरत नाही. भलतंसलतं पोटात गेलं तर ते सगळं आतडं पार करून पलीकडूनच निघालं पाहिजे, नाहीतर मध्येच अडकून जीव घेतं. हे ऐकून मी त्या रात्री जेवलो नाही. अनिताला वाटलं पित्त झालं.

खाणं दिवसातून सहा वेळा, मूठ मूठ, गवत भिजवून. भाताचा पेंढा बंद, तो आत गच्च बसतो. आता भातवाल्यांच्या मुलखात हे कुणाला सांगणार? भेटायला येणारा प्रत्येक जण पेंढ्याची पेंडी घेऊन येई आणि परत दिली की त्याचा चेहरा पडे, आमच्या बैलांना चालतो तो या चिमुकल्याला चालत नाही होय, म्हणून. पाणी तर तो पिईचना. तेव्हा गुणाजी कामी आला. माझ्याकडे येण्याआधीचं त्याचं सगळं आयुष्य खाडीकडच्या मिठागरात गेलेलं. त्याने घरून खडेमीठ आणून तळहातावर धरलं, "चाटू द्या शेट, मंग पानी मागतंय का नाय बगा." मागितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर आहे, पण चिमूटभरच. तेव्हापासून गुणाजी त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. दर पंधरवड्याला भाताच्या गिरणीतल्या काट्यावर सुभेदाराला उभा करायचा. ऐंशी किलोंवरून एकोणसत्तरवर उतरला होता, आता ब्याऐंशी आहे.

तिसऱ्या महिन्यापासून फिरवणं सुरू झालं, आधी पाच मिनिटं, मग दहा. दोन्ही बाजूंना कारखाने, मधून आम्ही दोघं. गिऱ्हाइकं गणपती बघायची सोडून याच्याकडे बघत. कारखान्यातून त्याला बाहेर काढताना मी तोंडाला मुसकं बांधतो, बैलांना मळणीत बांधतात तसं. ही आज्ञा डॉक्टरीणबाईंची नाही, माझी आहे. बघ्यांचं दुसरं ठिकाण म्हणजे बरणी. इस्पितळवाल्यांनी तो गोळा बरणीत घालून दिला तेव्हा दाजींनी हात लावला नाही, म्हणून मी घेतला. तो माझ्या फळीवर गुलाबी आणि पिवळ्या रंगाच्या डब्यांमध्ये आहे. येणारा प्रत्येक जण तो बघतो आणि म्हणतो, हेच का ते हौसाबाईंचं खोबरं? मी बरणी पुसून परत ठेवतो.

एका कोड्याचं मात्र मला बरेच महिने उत्तर मिळेना. सकाळी आठच्या सुमाराला शेजाऱ्यांच्या देवघरात घंटा वाजते. ती वाजली की सुभेदार तोंडातला घास टाकतो, दाराशी जातो, वरचा ओठ पुढे काढतो आणि दहा मिनिटं तसाच उभा राहतो. मला वाटलं, याला घंटेचा षोक असेल. मी सायकलची घंटा वाजवून पाहिली, कुल्फीवाल्याला दारात थांबवून त्याची वाजवायला लावली, शाळेच्या घंटेच्या वेळेला त्याला शाळेपाशी नेऊन उभा केला (तिथे मुलंच जास्त गोळा झाली). ढुंकून बघत नाही. फक्त देवाची घंटा. उत्तर मिळालं ते शनिवारी, डॉक्टरीणबाईंच्या एका प्रश्नाने. ते खाली लिहितो.

एकूण तपासणीचा निकाल असा की टाके भरले, पोटाला कुठे फुगवटा नाही, आतडं आत चिकटल्याची खूण नाही. पहिलं वर्ष सगळ्यात धोक्याचं असतं, ते पार पडलं. पुन्हा पोट दुखण्याची भीती आयुष्यभर थोडी राहणारच, म्हणून गवत भिजवून आणि पाणी भरपूर, एवढं पाळायचं. पळू द्या म्हणाल्या. रविवारी सकाळी सोडला तेव्हा तो शेडभोवती तीन फेऱ्या मारून आला आणि मला ढुशी दिली. मला रडू आलं, ते मी गुणाजीला डोळ्यात प्लास्टरची धूळ गेली म्हणून सांगितलं.

बाकी लिहिण्यासारखं विशेष नाही. दाजींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा,
दत्तू

ता. क. पापडांचा डबा दाजींच्या टेम्पोत देतो. संक्रांतीला राहिलेले नव्हेत, नवे आहेत.

ता. क. दुसरं. ताई, बसली आहेस ना? मूर्तीला भेगा पडू नयेत म्हणून आम्ही प्लास्टरमध्ये काथ्या घालतो, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. त्या चार दिवसांत सुभेदाराच्या खुरांना फरशी लागू नये म्हणून मी खाली काथ्याचा बिछाना केला होता. पहिल्याच तासाला तो चघळायला लागला. आणि चघळताना तो हलत नव्हता. मी बघत होतो. मला वाटलं, नारळाचं सुकं गवतच ते, त्याने काय होतंय? कमी झाला की मी आणखी पसरायचो. माझा चांगला घोडा असा झाला.

इस्पितळातून आल्यावर आठवड्याने मी बरणी उघडली. तंतू सगळे बोटभर लांबीचे, एकसारखे कापलेले. काथ्या असा कापायची रीत आपल्या बाबांनी घालून दिलेली आहे, आणि मध्ये मध्ये प्लास्टरचे पांढरे कण होते. खोबऱ्याला कुणी प्लास्टर लावत नाही. तुझ्या हातचं त्यात काहीच नव्हतं. व्हरांड्यात दाजी तुला बोलले तेव्हा मला पक्कं माहीत नव्हतं, पण शंका आली होती, आणि मी गप्प बसलो. आधी भीतीने, मग लोक कौतुक करायला लागले म्हणून, मग इतके दिवस गेले म्हणून. घोड्याला ओकता येत नाही. माणसाला येतं, तरी मी वर्षभर घोडाच राहिलो. वाईट हात माझा होता ताई, तुझा नाही. मला माफ कर.

ता. क. तिसरं. कोड्याचं उत्तर राहिलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, याच्या घरी सकाळी घंटा वाजल्यावर काय व्हायचं? मी म्हटलं, ताई खोबरं द्यायची. त्या म्हणाल्या, मग नखाएवढं ओलं खोबरं द्यायला हरकत नाही. रविवारी मी दिलं, काल अनिताने दिलं, आज गुणाजीने दिलं. हुंगतो आणि पुन्हा दाराकडे बघतो. तेव्हा टेम्पोत दाजींच्या शेजारी तू बस. येताना आपल्या देवाची घंटा आण. खोबरं इकडे आहे.

ता. क. शेवटचं. वाचून झालं असेल तर आता हे पत्र दाजींना वाचून दाखव. मोठ्याने. बायजालाही बोलाव. आणि कुकर बंद कर.